सुरक्षा कोणाची, धोका कोणाला? प्रदेशागणिक बदलणारी उत्तरं

नकाशेवाली (धागाकर्ती)

गेले काही महिने मी वेगवेगळ्या देशांची आणि प्रादेशिक संघटनांची सुरक्षाविषयक कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचतेय. त्यातल्या दोन कागदांनी मला थांबवलं.

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपलं धोरण जाहीर केलं. सार असं, की इथून पुढे मुख्य चिंता दहशतवादाची नाही, बड्या राष्ट्रांमधल्या चढाओढीची आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅसिफिक बेटांचे नेते नाउरूत जमले आणि त्यांनी बोए जाहीरनामा काढला. त्यातलं पहिलंच कलम सांगतं, की आमच्या लोकांच्या उपजीविकेला, सुरक्षेला आणि कल्याणाला सगळ्यांत मोठा धोका हवामानबदलाचा आहे. वर्ष तेच, समुद्र तोच, 'सुरक्षा' हा शब्दही तोच.

मार्शल बेटांमध्ये एन्यूएटक नावाचं कंकणद्वीप आहे. तिथल्या रुनिट बेटावर अमेरिकेच्या १९५८ च्या एका अणुचाचणीने मोठा खड्डा पडला. १९७७ ते १९८० या काळात अमेरिकी सैनिकांनी आजूबाजूच्या बेटांवरची किरणोत्सारी माती आणि कचरा त्या खड्ड्यात भरला आणि वरून सुमारे ४६ सेंमी जाडीचं काँक्रीटचं झाकण घातलं. खाली अस्तर नाही. आता समुद्राची पातळी चढतेय. बड्यांची चढाओढ आणि चढणारं पाणी, दोन्ही त्या एका घुमटापाशी येऊन मिळतात. तिथल्या माणसाला 'तुझी सुरक्षा म्हणजे काय' असं विचारलं तर तो वॉशिंग्टनचं उत्तर देईल का?

म्हणून प्रश्न: तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या प्रदेशात 'धोका' म्हणजे नेमकं काय समजतात? आणि तो समज आला कुठून, इतिहासातून, भूगोलातून की पोटापाण्यातून? कळकळीची विनंती, गाडी फक्त अमेरिका-चीनवर नेऊ नका. त्यावर वाचायला भरपूर आहे.

प्रश्नांकित

विषय चांगला आहे, पण मी आधीच असहमती नोंदवतो. बळी तो कान पिळी. छोट्या देशांनी जाहीरनामे काढावेत, करार करावेत, जरूर करावेत. शेवटी ठरवणार तेच, ज्यांच्याकडे विमानवाहू नौका आहेत. 'प्रादेशिक दृष्टिकोन' म्हणजे दुर्बळांनी आपल्या अगतिकतेला दिलेलं नाव, असं माझं प्रामाणिक मत आहे. खोडून काढलंत तर आनंदच होईल.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

मलाक्काची सामुद्रधुनी. सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनेलपाशी ती जेमतेम दीड सागरी मैल रुंद आहे. तिथून जाताना ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कोणी गप्पा मारत नाही. चारही बाजूंनी ट्रॅफिक, मध्येच आडव्या येणाऱ्या होड्या, आणि रात्र असेल तर चाचेगिरीची जादा वॉच. २००५ च्या जूनमध्ये लंडनच्या विमा बाजारातल्या जॉइंट वॉर कमिटीने ही सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या यादीत टाकली होती. युद्ध नव्हतं, पण विम्याच्या कागदावर ती इराकच्या पंगतीत जाऊन बसली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नाव काढलं.

काढलं का, ते महत्त्वाचं. २००४ मध्ये अमेरिकेने इथल्या सागरी सुरक्षेसाठी पुढाकार घ्यायची तयारी दाखवली. सिंगापूरला ते फारसं खटकलं नाही. त्यांचं अख्खं पोट बंदरावर, जहाजं सुरक्षित आली पाहिजेत, कोण राखण करतो हा नंतरचा प्रश्न. इंडोनेशिया आणि मलेशियाने मात्र साफ नकार दिला. हे पाणी आमचं, परक्या नौदलाची गस्त इथे नको. आणि नुसतं 'नको' म्हणून थांबले नाहीत. त्याच वर्षी जुलैत तिन्ही देशांनी समन्वयाने गस्त सुरू केली, पुढच्या वर्षी विमानातून टेहळणीही. हल्ले उतरले.

एकाच सामुद्रधुनीच्या काठावरचे तीन देश. एकाला चाच्याची भीती, दोघांना राखणदाराची. प्रश्नांकित, याला तुम्ही अगतिकता म्हणाल का?

अनाहत

दर्यावर्दी, प्रतिसाद फार आवडला. त्याच भागातली एक म्हण आठवली. मलय भाषेत म्हणतात, हत्ती-हत्ती झुंजतात आणि मधल्या मध्ये पिसोरी मरते. स्वाहिलीत तेच हत्ती, फक्त पिसोरीच्या जागी गवत. आणि आपल्याकडे रेड्यांची टक्कर, झाडांचा काळ. जिथे जो प्राणी मोठा, तो म्हणीत शिरला :)

इंडोनेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हट्टा यांनी १९४८ मध्ये परराष्ट्र धोरणासाठी 'दोन खडकांमधून वल्हवत जाणं' अशी प्रतिमा वापरली होती. बेटांच्या देशाला सुचावी अशीच. तेव्हा देश अजून डचांशी लढत होता, आणि तरी कुठल्या गोटात जायचं नाही हे ठरवून बसला होता.

सुप्रभा_

पिसोरी म्हणजे ते छोटं हरणासारखं ना? किती नेमका प्राणी निवडलाय! वाचतेय, लिहीत राहा सगळे.

कडेकपारी

मी उत्तरेकडचं लिहितो. काही वर्षं हेलसिंकीत होतो. तिथे इताकेस्कुस नावाच्या भागात खडकात खोदलेला जमिनीखालचा पोहण्याचा तलाव आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा दरवाजांची जाडी बघून चकित झालो. सोबतच्या सहकाऱ्याने अगदी सहज सांगितलं, "हा निवारा आहे, एरवी पोहायला वापरतो." युद्धाची वेळ आली तर असे सार्वजनिक निवारे ७२ तासांत रिकामे करून तयार ठेवायचे, असा नियम आहे. देशभरात असे सुमारे ५०,५०० निवारे, ४८ लाख लोकांना पुरतील इतके. लोकसंख्या ५५-५६ लाख. ठरावीक आकारापेक्षा मोठी इमारत बांधायची तर निवारा बांधावाच लागतो.

आपण युरोप म्हटलं की एकच युरोप समजतो. पोर्तुगालच्या माणसाला आणि फिनलंडच्या माणसाला रशिया सारखा दिसत नाही. फिनलंडची रशियाशी सरहद्द १,३०० किलोमीटरहून लांब आहे. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात आणि त्यानंतरच्या लढाईत पूर्वेकडचा कारेलिया हा प्रांत सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांवर लोकांना घरदार सोडून यावं लागलं. माझ्या घरमालकीणबाईंची आई त्यांतली. त्या घरात 'सीमा' हा शब्द कधी कोरडेपणाने उच्चारला गेला नाही.

आणि तरीही शीतयुद्धाची सगळी वर्षं फिनलंड कोणत्याच लष्करी गटात नव्हता. गट नको, पण तयारी पूर्ण ठेवायची. हा त्यांचा हिशोब २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत, रशियाने युक्रेनवर हल्ला करेपर्यंत, टिकला. मग काही महिन्यांत लोकांचं मत असं पालटलं, की ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोत दाखल झाला. वॉशिंग्टनने ओढून नेलं नाही. आजीच्या आठवणींनी नेलं, असं मला वाटतं.

प्रश्नांकित

कडेकपारी, तुमचा प्रतिसाद मन लावून वाचला. पण तो माझाच मुद्दा सिद्ध करतो. शेवटी फिनलंडला मोठ्याच्या छत्राखाली जावंच लागलं ना?

दुसरं उदाहरण देतो. ५ डिसेंबर १९९४, बुडापेस्ट. युक्रेनच्या भूमीवर तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. तो सोडून देण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने सार्वभौमत्व आणि सीमांचा आदर राखण्याचं लेखी आश्वासन दिलं. वीस वर्षांत क्रिमिया गेला. ज्याने शस्त्र खाली ठेवलं त्याचं काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. उपहासाने लिहीत नाहीये, मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो.

नकाशेवाली

प्रश्नांकित, त्रास मलाही होतो. पण युक्रेनचं उदाहरण देताना कझाकस्तान विसरू नका. त्यांच्याकडेही सुमारे १,४०० अण्वस्त्रं उरली होती आणि १९९५ पर्यंत ती सगळी रशियाला परत गेली. त्या निर्णयात बड्यांचा दबाव होता, पैसा होता, हे मान्य. पण त्याआधी सेमिपलातिन्स्क होतं, सोव्हिएत संघाचं कझाकस्तानातलं अणुचाचणीस्थळ. १९४९ ते १९८९ तिथे ४५६ चाचण्या झाल्या. आजूबाजूच्या गावांनी कर्करोग पाहिले, जन्मतःच व्यंग असलेली मुलं पाहिली. १९८९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी, सोव्हिएत संघ अजून कागदावर जिवंत असतानाच, ते चाचणीस्थळ बंद झालं. त्या लोकांच्या मनात अण्वस्त्र म्हणजे ढाल नव्हती. ते अण्वस्त्र त्यांच्याच अंगावर फुटलेलं होतं.

हाच तर माझा प्रश्न आहे. एकच वस्तू कीव्हमधून वेगळी दिसते आणि सेमिपलातिन्स्कमधून वेगळी.

जुनाजाणता

प्रश्नांकितांनी करारांना कमी लेखलंय, म्हणून लॅटिन अमेरिकेचं थोडं विस्ताराने.

१९०२ च्या डिसेंबरात ब्रिटन, जर्मनी आणि इटलीच्या युद्धनौकांनी व्हेनेझुएलाची बंदरं कोंडली. कारण? थकलेलं कर्ज. त्यावर अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री लुइस मारिया द्रागो यांनी भूमिका मांडली, की कर्जवसुलीसाठी कोणी कोणावर सैन्य घालायचं नाही. त्या काळात सावकाराने आरमार धाडणं रीतसर समजलं जायचं. १९०७ च्या हेग परिषदेत हे तत्त्व, काही अटी घालून का होईना, आंतरराष्ट्रीय करारात आलं. म्हणजे त्या खंडाच्या आठवणीत धोका समुद्रावरून येतो, आणि त्याच्या हातात तोफेबरोबर हुंडीही असते.

दुसरा प्रसंग १९६२ चा. क्युबात क्षेपणास्त्रं आली आणि जग तेरा दिवस श्वास रोखून बसलं. निर्णय वॉशिंग्टन आणि मॉस्कोत होत होते, क्युबाच्या शेजाऱ्यांकडे नाही. मेक्सिकोच्या अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांनी त्यानंतर ध्यासच घेतला आणि १९६७ मध्ये त्लातेलोल्कोचा करार झाला. दाट वस्तीचा अख्खा प्रदेश अण्वस्त्रमुक्त, जगात पहिल्यांदा. आता प्रश्नांकितांसाठी मुद्दाम: त्या कराराचा दुसरा जोडकरार अण्वस्त्रधारी देशांसाठी आहे. या प्रदेशाविरुद्ध अण्वस्त्र वापरणार नाही, वापरण्याची धमकीही देणार नाही, असं वचन. पाचही देशांनी तो मंजूर केलाय. विमानवाहू नौका नसलेल्यांनी ते वचन घेतलं. रोब्लेस यांना १९८२ चं शांततेचं नोबेल मिळालं, स्वीडनच्या आल्वा म्युर्दाल यांच्यासोबत.

ब्राझील आणि अर्जेंटिना तर एकमेकांच्या अणुकार्यक्रमाकडे संशयाने बघणारे शेजारी. १९९१ मध्ये त्यांनी एकत्र संस्था काढली. ब्राझीलचे तपासनीस अर्जेंटिनाची केंद्रं तपासतात, अर्जेंटिनाचे ब्राझीलची. अजून चालू आहे. याबद्दल लिहिताना मी दरवेळी भारावतो, आज पुन्हा तेच झालं.

अनाहत

+१. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मासोळी

जरा वेगळ्या वाटेने जाते, पण विषय सोडत नाही. आइसलंड! स्वतःचं लष्कर नाही आणि तरी नाटोचा संस्थापक सदस्य. त्यांची सुरक्षा म्हणजे मासा, कारण तेव्हा निर्यातीचा फार मोठा भाग मासळीचाच होता. १९५८ मध्ये त्यांनी मासेमारीची हद्द १२ सागरी मैलांवर नेली, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २००. ब्रिटिश ट्रॉलर हटेनात. मग आइसलंडच्या तटरक्षकांनी एक हत्यार बनवलं, आकड्यासारखं, पाण्यातून ओढत न्यायचं. ते ट्रॉलरच्या जाळ्याच्या तारेत अडकवायचं आणि कापून टाकायचं. जाळं, मासे, सगळं तळाला. ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या, जहाजांनी जहाजांना धडका दिल्या. शेवटी आइसलंडने केफ्लाविकचा नाटोतळ बंद करण्याचा इशारा दिला आणि १९७६ मध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द मान्य केली.

एकही माणूस न मारता! प्रश्नांकित, इथे कान कोणी पिळला?

कडेकपारी

मासोळी, एक दुरुस्ती. १९७३ मध्ये आइसलंडच्या जहाजावरचा एक अभियंता गेला. ब्रिटिश युद्धनौकेशी टक्कर झाल्यावर दुरुस्ती करताना पाणी शिरलं आणि वेल्डिंगचा विजेचा झटका बसला.

मासोळी

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद, कडेकपारी. 'एकही माणूस न मारता' हे शब्द मागे घेते.

प्रश्नांकित

आइसलंड जिंकला कारण त्याच्याकडे केफ्लाविक होता. म्हणजे भौगोलिक स्थान हेसुद्धा बळच. पण ठीक, एवढं मान्य करतो की 'बळ' या शब्दाचा माझा अर्थ फार अरुंद होता. द्रागोंचं मला काहीच माहीत नव्हतं.

मुक्तछंदा

आफ्रिकेबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते.

२१ फेब्रुवारी २०२२. सुरक्षा परिषदेत युक्रेनच्या प्रश्नावर केनियाचे प्रतिनिधी मार्टिन किमानी बोलले. आशय असा, की आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, त्या लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये आखल्या गेल्या. सीमेपलीकडे आमचेच भाऊबंद राहतात. तरी त्या मोडून एकजिनसी राष्ट्रं करायला निघालो असतो तर आजही रक्तात लढत असतो. म्हणून त्या मान्य करून पुढे जायचं ठरवलं. यामागे १९६४ चा कैरोचा ठराव आहे, स्वातंत्र्याच्या वेळी मिळालेल्या सीमा पाळायच्या. हे भाषण मी अनेकदा ऐकलंय, दर वेळी गळा दाटून येतो.

आता दुसरी बाजू. २ मार्चला आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. तटस्थ राहिलेल्या ३५ देशांपैकी १७ आफ्रिकेतले. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांना त्याचं नवल वाटलं. त्यात नवल काय? वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढताना मॉस्कोने कोणाला हात दिला हे दक्षिण आफ्रिका विसरलेला नाही. लिबियात २०११ मध्ये नाटोने जे हवाई हल्ले केले आणि त्यानंतर साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, शस्त्रं कशी पसरली, हे माली विसरलेला नाही. किमानींचं भाषण आणि ती १७ मतं, दोन्ही आफ्रिकाच.

पाणवठा

मुक्तछंदांचं शेवटचं वाक्य धरून पुढे जातो, कारण या धाग्यात 'प्रदेश' म्हणजे एकमुखी काहीतरी आहे असं नकळत गृहीत धरलं जातंय.

नाईल घ्या. इजिप्तच्या गोड्या पाण्यापैकी जवळजवळ सगळं नाईलचं. त्यांच्यासाठी नदी अडणं म्हणजे अस्तित्वावर घाव. इथिओपियाचं म्हणणं, या पाण्यातलं सुमारे ८५ टक्के आमच्या डोंगरांतून येतं, आणि १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदानने ते आपसात वाटून घेतलं, ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर. आम्हाला बैठकीला बोलावलंसुद्धा नाही. २०११ मध्ये इथिओपियाने महाधरण बांधायला घेतलं, सामान्य नागरिकांनी रोखे घेऊन त्याला पैसा दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. एकाला त्यात घराघरांत पोचणारी वीज दिसते, दुसऱ्याला कोरडं शेत. दोघेही खोटं बोलत नाहीत. यात 'आफ्रिकी दृष्टिकोन' कुठला?

मी पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलं. कालव्याच्या शेंड्याला असलेला शेतकरी आणि मुखाशी असलेला, दोघांची भाषा कधी जुळत नाही. देशांचं तेच.

नकाशेवाली

पाणवठा, पटलं. माझ्या प्रश्नातच ती चूक होती. पॅसिफिकमध्येही तेच. बोए जाहीरनाम्यावर सगळे एकत्र, पण एप्रिल २०२२ मध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला आणि पुढच्या वर्षी तुवालूने ऑस्ट्रेलियाशी. तुवालूच्या करारात एक गोष्ट विलक्षण आहे. समुद्रामुळे भूमी गेली तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम राहील, हे ऑस्ट्रेलियाने त्यात मान्य केलंय. असा मजकूर मी याआधी कुठल्याच सुरक्षा करारात वाचला नव्हता.

दर्यावर्दी

सगळे देशांबद्दल लिहितायत. एक गोष्ट राहतेय, ती लिहितो.

६ मार्च २०२४. एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं. तीन खलाशी गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. जहाजावर झेंडा बार्बाडोसचा. चालवणारे ग्रीक. युद्ध गाझात. त्या तिघांचा 'प्रदेश' कोणता? त्यांची सुरक्षा कोणाच्या दस्तऐवजात लिहिलेली आहे?

सोमाली चाच्यांच्या दिवसांत मी त्याच पाण्यातून गेलोय. रेलिंगला काटेरी तार, फायर होज चालू, इंजिनरूममध्ये सिटाडेल, म्हणजे चाचे चढलेच तर कोंडून घ्यायची जागा, तयार करून पाणी आणि कोरडा खाऊ भरून ठेवलेला. तेव्हाच्या माझ्या कंपनीने जादा पहारेकरी नाकारले, खर्च वाचवायला. आम्ही ब्रिजच्या पंखांवर बॉयलर सूट घातलेले पुतळे उभे केले. त्या रात्री पोरं गप्प होती. नंतर वाचलं, की १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळल्यावर परदेशी ट्रॉलरांनी त्यांच्या हद्दीत बेसुमार मासेमारी केली. चाचेगिरीचं ते समर्थन नाही, माझ्या माणसांवर बंदुका रोखल्या गेल्यात. पण सोमाली कोळ्याच्या दृष्टीने लुटारू आधी आले होते, आणि ते मोठ्या जहाजातून आले होते.

सुप्रभा_

दर्यावर्दी, काळजी घ्या. एवढंच.

प्रश्नांकित

रुनिटकडे परत येतो, कारण पहिल्या दिवसापासून तो घुमट डोक्यातून जात नाहीये. त्याची जबाबदारी आज कोणाकडे आहे?

नकाशेवाली

१९८६ मध्ये अमेरिका आणि मार्शल बेटांमधला मुक्त सहयोगाचा करार अमलात आला, त्यात अमेरिकेने अणुचाचण्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी डॉलर दिले. त्यातून सगळे दावे कायमचे मिटले, अशी अमेरिकेची भूमिका आहे. नंतर मार्शल बेटांच्या अणुदावे न्यायाधिकरणाने २ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठरवली, ती बहुतांश दिलीच गेली नाही. घुमटाची पाहणी अमेरिकेचं ऊर्जा खातं करतं, पण तो मार्शल बेटांच्या जमिनीवर आहे, म्हणून त्यांचा, असं सांगितलं जातं. २०१४ मध्ये मार्शल बेटांनी अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे लावले. त्यांतले तीनच पुढे चालले, आणि २०१६ मध्ये तेही मूळ मुद्द्यापर्यंत न जाता, अधिकारक्षेत्राच्याच टप्प्यावर फेटाळले गेले.

पण पॅसिफिकमधल्याच वनुआतू या बेटदेशाने वाट सोडली नाही. त्यांच्या पुढाकाराने हवामानाचा प्रश्न त्याच न्यायालयात गेला आणि २३ जुलै २०२५ रोजी एकमताने सल्लामत आलं, की हवामानव्यवस्थेचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते बंधनकारक नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते.

प्रश्नांकित

म्हणणार होतो. पण १९०२ मध्ये द्रागोंचं म्हणणंही बंधनकारक नव्हतं. मत पूर्ण बदललेलं नाही, युक्रेनचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे या.

दर्यावर्दी

येईन, नेट असेल तर. पुढच्या आठवड्यात साइन ऑन आहे, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचंय. लाल समुद्रातून जायचं की आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालायचा, अजून कळवलेलं नाही. केपने गेलो तर दहा-बारा दिवस जास्त. घरच्यांनी केपसाठी देव पाण्यात घातलेत.